ट्रकचा खरा रंग कोणता?

मंडळी, गेले तीन वीकेंड इथे शुकशुकाट होता. कामाचं प्रेशर वगैरे काही नाही. शनिवार-रविवार मी शेजाऱ्याच्या गॅरेजात एका ट्रकला वॉटर पेपर घासत बसलो होतो. बोटांची सालटी निघाली, पण डोक्याला भरपूर खाद्य मिळालं. आज तेच लिहितो. लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

तर झालं असं. मी सध्या डेट्रॉइटच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो (ऑनसाइट, दुसरं काय!). शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. आयुष्यभर टूल अँड डायच्या कारखान्यात काम केलेला माणूस. ते मला 'किड' म्हणतात आणि मी त्यांना मनातल्या मनात 'ट्रकवाले काका'. त्यांच्या गॅरेजात १९५१ सालचा शेवरोले ३१०० आहे. अर्ध्या टनाचा पिकअप, गोलमटोल नाकाचा, जुन्या हॉलिवूड सिनेमात हमखास दिसतो तोच. काकांच्या वडिलांचा. इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. दोन वर्षं रखडलंय ते एकाच गोष्टीवर: रंग कोणता द्यायचा?

मला आधी हसूच आलं. अहो, ओरिजिनल जो असेल तो द्या की! आपल्या भाषेत फॅक्टरी रीसेट. बटण दाबा आणि मोकळे व्हा.

पण 'ओरिजिनल' म्हणजे काय, हाच तर सगळा घोळ आहे.

त्यासाठी जरा मागे जाऊ. मोटारींच्या रंगाचा विषय निघाला की सगळ्यांना हेन्री फोर्डचं ते काळ्या रंगाचं वाक्य आठवतं. कुठलाही रंग घ्या, फक्त तो काळा असला पाहिजे, अशा अर्थाचं. फोर्डने १९२२च्या आत्मचरित्रात लिहिलंय की हे आपण १९०९ साली म्हणालो होतो. गंमत अशी, की १९०९च्या मॉडेल टी गाड्या लाल होत्या, करड्या होत्या, हिरव्या होत्या. काळा सोडून बाकी सगळं! फक्त काळ्याचा जमाना आला १९१४मध्ये आणि टिकला १९२५पर्यंत. का, तर तो काळा स्वस्त होता आणि टिकाऊ होता. 'काळा लवकर वाळायचा म्हणून' असं आपण शाळेपासून ऐकतो, पण या विषयात खोल शिरलेल्या अभ्यासकांना ते पटत नाही. आणि काळा तरी एक कुठे? गाडीच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे काळे, कुठे बुडवून, कुठे ओतून, कुठे भट्टीत भाजून.

पिकअपचा जन्म याच काळ्या जमान्याच्या शेवटी झाला. त्याआधी शेतकरी साधी गाडी घ्यायचे आणि मागे सुताराकडून लाकडी खोकं बसवून घ्यायचे. १९२५च्या एप्रिलमध्ये फोर्डने तसं खोकं फॅक्टरीतूनच बसवून द्यायला सुरुवात केली. किंमत २८१ डॉलर. रंग? अर्थात काळा. म्हणजे पिकअप नावाचं वाहन जन्माला आलं तेव्हा रंगाचा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. बैलगाडीला कुठला रंग द्यायचा असं कोण विचारतं? (आपल्याकडे विचारतात म्हणा, बैलपोळ्याला. पण ते बैलांच्या शिंगांसाठी.)

इकडे मोटारींच्या दुनियेत मात्र रंगाची क्रांती चालू होती, आणि तिचं नाव तुमच्या-माझ्या घरातलं आहे. ड्यूको! घरी सुतारकाम निघालं की सुतार विचारतो ना, "कपाटाला ड्यूको करायचा का?" तोच हा ड्यूको. ड्यूपॉन्ट कंपनीचं हे ब्रँड नाव. त्याआधी गाडीला वॉर्निशचे हात द्यायचे, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात. चांगलं काम हवं असेल तर आठवडेच्या आठवडे गाडी शेडमध्ये पडून. जनरल मोटर्सचा संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग याच्या मागे हात धुऊन लागला होता. त्याचा एक किस्सा सांगतात. रंग लवकर वाळणं शक्यच नाही म्हणणाऱ्या एका रंगवाल्याला त्याने जेवायला नेलं. परत आल्यावर पाहुण्याला आपली गाडी सापडेना, कारण तेवढ्या वेळात तिचा रंगच बदलला होता. किस्सा खरा किती, देव जाणे. पण १९२४च्या मॉडेलची ओकलंड गाडी 'ट्रू ब्लू' या ड्यूकोच्या निळ्या रंगात आली हे खरं. नायट्रोसेल्युलोजचं लॅकर, पिस्तुलाने फवारायचं, आणि आठवड्यांचं काम तासांवर.

आता रंग झटपट वाळतोय म्हटल्यावर पंचवीस रंग का नाही काढायचे? ड्यूपॉन्टने लोकांना रंग सुचवायला लेडयार्ड टाउल नावाचा चित्रकार नेमला. पहिल्या महायुद्धात हा माणूस कॅमोफ्लाजचं काम करायचा. वस्तू दिसू नये म्हणून रंगवणारा आता वस्तू नजरेत भरावी म्हणून रंगवायला लागला! १९२७मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्लच्या हाताखाली 'आर्ट अँड कलर' नावाचा अख्खा विभाग उघडला. ड्यूपॉन्टकडे जनरल मोटर्सचे २३ टक्के शेअर होते. मग जनरल मोटर्स रंग कुणाकडून घेणार? ते प्रकरण इतकं चिघळलं की १९५७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने या भागीदारीविरुद्ध निकाल दिला. खटल्याचं मूळ काय, तर गाड्यांचा रंग आणि सीटचं कापड.

हे सगळं झालं चारचौघांत मिरवायच्या गाड्यांचं. पिकअप अजून गोठ्यातच होता.

काकांचा ट्रक ज्या मालिकेतला आहे ती 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिका १९४७च्या उन्हाळ्यात आली आणि १९५५च्या सुरुवातीपर्यंत चालली. काकांच्या ट्रकचा सिरीयल नंबर १ने सुरू होतो, म्हणजे फ्लिंटचा कारखाना, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. पुढचं अक्षर जे, म्हणजे १९५१. पण पाटीवर रंगाचं नाव नाही की कोड नाही. ऑर्डर देताना काही बोलला नाहीत तर मिळायचा फॉरेस्टर ग्रीन. जून कढीपत्त्याच्या पानासारखा गडद, जरा उदासच हिरवा. डीफॉल्ट सेटिंग. आणि आपल्याला माहीतच आहे, डीफॉल्ट सेटिंग किती जण बदलतात ते :)

बाकीच्या रंगांची नावं वाचा. स्विफ्ट्स रेड. आर्मर यलो. ओमाहा ऑरेंज. साध्या गाड्यांच्या रंगांना त्या काळात समुद्र, आकाश, फुलं असली नावं असायची. ही नावं वेगळी आहेत. स्विफ्ट आणि आर्मर या शिकागोच्या मांसविक्रीच्या दोन बलाढ्य कंपन्या. आर्मरच्या बर्फाच्या मालडब्यांचा पिवळा तर इतका प्रसिद्ध, की युनियन पॅसिफिक रेल्वेची इंजिनं आजही 'आर्मर यलो' रंगातच धावतात. ओमाहा हे रेल्वेचं आणि कत्तलखान्यांचं शहर. म्हणजे ट्रकचा रंग मालकाच्या आवडीचा नव्हताच मुळी, तो धंद्याचा होता. खाटिकखान्याचा लाल, रस्तेवाल्यांचा नारिंगी. ज्याच्या धंद्याला रंग नाही त्याला हिरवा. रंगवून आलेल्या दारावर पेंटर ब्रशने दुकानाचं नाव काढणार, की झाला ट्रक तयार. दार म्हणजे चालती पाटी.

आता काकांची गोष्ट.

काकांना आठवतो तो ट्रक लाल. घरच्या अल्बममध्ये फोटो आहेत, पण सगळे कृष्णधवल. त्यात लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे. त्यांची थोरली बहीण म्हणते, सुरुवातीला हिरवा होता. काका म्हणतात, शक्यच नाही, डॅडींनी नवा कोरा घेतला आणि तो लालच होता. सध्या ट्रक आहे निळा, आणि तो निळा काकांनी स्वतः विशीत असताना मारलेला. त्याबद्दल त्यांना आता बोलवत नाही.

(आमच्याकडेही असलंच एक भांडण आहे. आजोबांकडे मॅटाडोर होता, आकुर्डीला बनलेला. वाईहून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी न्यायचे. एकच फोटो आहे, तोही कृष्णधवल, आजोबा बॉनेटला टेकून उभे. बाबा म्हणतात मॅटाडोर हिरवा होता. आत्या शपथेवर सांगते की निळा. दरवर्षी दिवाळीत हा विषय निघतो आणि दरवर्षी आई चकल्या आणून तो संपवते. मॅटाडोर कधीच भंगारात गेला, त्यामुळे घासून बघायची सोय नाही.)

काकांकडे मात्र घासून बघायची सोय होती. तीन वीकेंडांचं काम ते हेच. पद्धत सोपी आहे. एका जागी गोल गोल घासत जायचं, मध्ये खोल आणि कडेला उथळ. मग थर वर्तुळांसारखे उघडतात, कापलेल्या कांद्यासारखे. घासायचं पाणी लावूनच, आणि तोंडाला चांगला मास्क. जुन्या रंगात शिसं असतं, त्याची कोरडी धूळ उडाली की थेट फुप्फुसात. खूप ठिकाणी रंग उन्हाने विटलेला असतो, म्हणून आम्ही पुढचं मडगार्ड बोल्ट काढून उतरवलं. मडगार्ड आणि केबिन जिथे एकमेकांना चिकटतात तिथे १९५१पासून ऊन पोचलं नव्हतं.

तिथे एकच थर होता. प्रायमरवर गडद हिरवा. फॉरेस्टर ग्रीन.

काका काहीच बोलले नाहीत. आत जाऊन कॉफी घेऊन आले.

दारावरची वर्तुळं अशी: वर निळा, खाली लाल, त्याखाली हिरवा. लालात ब्रशचे दोन केस अडकलेले सापडले. म्हणजे तो लाल फवारलेला नव्हता, हाताने मारलेला ऑइलपेंट होता. आणि दुसऱ्या वीकेंडला, ड्रायव्हरच्या दारावर लाल घासता घासता, लाल आणि हिरव्याच्या मध्ये काहीतरी पांढरं दिसायला लागलं. मी थांबलो. काकांनी पेपर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः घासायला बसले, बोटाच्या टोकाने, दुधावरची साय बाजूला करावी तसं. अर्ध्या तासाने अक्षरं वाचता आली. वरची ओळ कुणातरी दुसऱ्याचं आडनाव. खालच्या ओळीत: अँड सन्स.

बहिणीला फोन लागला. ती शांतपणे म्हणाली, "मग मी काय सांगत होते?" ट्रक वडिलांनी सेकंडहँड घेतला होता, १९५७ साली, एका लाकडाच्या वखारीकडून. वखार बंद पडत होती. घरी आणल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते लाल रंगाचा डबा आणून दुसऱ्याचं नाव बुजवण्याचं. काका तेव्हा चार वर्षांचे होते. त्यांच्या दृष्टीने ट्रक त्या दिवशी जन्मला.

मग मला काकांनी एक गोष्ट दाखवली. दाराच्या ज्या भागाला आम्ही अजून हात लावला नव्हता तिथे त्यांनी माझं बोट धरून फिरवलं. निळा आणि लाल, दोन्ही थरांखालून त्या अक्षरांच्या कडा बोटाला लागतात. लहानपणी वडील दुकानात गेले की काका ट्रकपाशी उभे राहून त्या कडांवरून बोट फिरवत बसायचे. त्यांना वाटायचं, सगळ्याच ट्रकांचं दार असं असतं.

आता आली का पंचाईत? माझ्यातला इंजिनियर लगेच कामाला लागला. मी म्हटलं, हिरवा हा फॅक्टरीचा पुरावा आहे, हिरवा द्या. क्लासिक गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षकांचा निकष सर्वसाधारणपणे हाच असतो, की गाडी त्या काळी शोरूममधून निघाली तशी दिसली पाहिजे. काका म्हणाले, हिरवा ट्रक मी कधी पाहिलाच नाही, मी कुणाचा ट्रक रंगवतोय, त्या वखारवाल्याचा? बरोबर. मग मी तोडगा काढला: स्विफ्ट्स रेड! फॅक्टरीच्या चार्टवरचा लाल आहे, त्यामुळे परीक्षकही खूश आणि आठवणही खूश. सगळ्या टेस्ट केसेस पास. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की प्रॉडक्शनला बग सोडल्यावर मॅनेजरनेही कधी पाहिलं नसेल. स्विफ्ट्स रेड फवारलेला एक पत्रा आम्ही दाराशेजारी धरला. डॅडींचा लाल जरा नारिंगीकडे झुकलेला, ट्रॅक्टरसारखा. शेतीच्या सामानाच्या दुकानातून जो डबा मिळाला तो आणला असणार. त्याला ना कोड, ना नाव.

वातावरण हलकं करायला मी म्हटलं, मग 'बॉम्बे आयव्हरी' द्या! विनोद होता, पण रंग खरा आहे हं. १९५५च्या मार्चमध्ये शेवरोलेने 'कॅमिओ कॅरियर' नावाचा पिकअप काढला. बाजू मोटारीसारख्या सपाट, आणि रंग दोन: बॉम्बे आयव्हरी आणि त्याला कमर्शियल रेडची जोड. पहिल्या वर्षी हा एकच पर्याय होता. पिकअप पहिल्यांदाच मिरवायला निघाला तो आपल्या मुंबईचं नाव अंगावर घेऊन! आणखी गंमत म्हणजे जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता, १९२८पासून. तिथे शेवरोले गाड्या आणि ट्रक जोडले जायचे. तो बंद केला १९५४मध्ये आणि लगेच पुढच्या वर्षी ट्रकला बॉम्बेचा रंग दिला. मला हे सांगताना फार मजा येत होती. काका म्हणाले, "तो पंचावन्नचा रंग आहे, किड. हा एकावन्न आहे." विषय संपला.

रंगाच्या दुकानात आम्ही दोघं गेलो होतो. काउंटरवरच्या पोराने लालाच्या एका टवक्यावर मोजायचं यंत्र टेकवलं. यंत्राने जवळचा रंग सांगितला, आणि तो जवळचा नव्हता. पन्नास-साठ वर्षं विटलेला टवका दिला तर यंत्र विटलेलाच रंग मोजणार, त्याचा काय दोष? शेवटी फूटबोर्डच्या खालच्या बाजूला, जिथे वडिलांच्या ब्रशचा एक ओघळ सुकून राहिला होता, तिथला तुकडा दिला. ओघळ जाड असतो, आतून ताजा राहतो. त्यावरून तीन नमुने मिसळून घेतले. ट्यूबलाइटखाली तिघंही सारखेच दिसत होते, बाहेर उन्हात तिघं तीन दिशांना. दुसरा नमुना ठरला.

पेंटरचा एक मुद्दा होता, आणि तो बरोबर होता: दार पूर्ण पत्र्यापर्यंत खरवडा, लांबी भरा, घासून आरशासारखं करा, वर क्लिअर कोट मारा. जुन्या तीन थरांवर नवा रंग मारला तर पुढेमागे उचलेल. शिवाय त्या अक्षरांच्या कडा चकचकीत लालातून दिसतील, लोक म्हणतील पेंटरला काम येत नाही. काकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि बाकी सगळा ट्रक त्याच्या म्हणण्याप्रमाणे खरवडायला दिला. फक्त दोन्ही दारं गॅरेजात ठेवून घेतली.

दारावरचा काकांचा निळा आम्ही पूर्ण उतरवला. वडिलांचा लाल जिथे घट्ट आहे तिथे ठेवला. उघडी पडलेली अक्षरं मी बटर पेपरवर उतरवून घेतली आणि फोटोही काढले. आता त्यावर इपॉक्सी सीलर, आणि मग तो बिननावाचा लाल. क्लिअर कोट नाही. क्लिअर कोट मारला की १९५१चा ट्रक पाकात बुडवल्यासारखा दिसतो, ही माझी ठाम मतं झाली आहेत (तीन वीकेंडांत!). उचलेल कदाचित. काका म्हणतात, उचललं तर पुन्हा मारू. मडगार्डच्या सांध्यातला हिरवा तसाच ठेवलाय, तो बोल्ट काढल्याशिवाय दिसणार नाही.

प्रदर्शनाचं काय, असं मी विचारलं. काका म्हणाले, बहिणीला घेऊन आइस्क्रीम खायला जाईन.

काल बाबांना फोन केला आणि विचारलं, मॅटाडोर विकत घेतला तेव्हा नवा होता की सेकंडहँड? फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आत्याला विचार."

पुढच्या शनिवारी दारं रंगवायची आहेत. रंग फवारायचं काम काकांचं. त्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो, आणि तो त्यांच्याकडे एकच आहे. मला मास्किंग टेप लावायला बोलावलंय, सकाळी सातला. तेव्हा पुढच्या वीकेंडलाही इथे काही येईल याची खात्री नाही.